ऐंशी टक्के कशाचे?

ठिबकच्या अनुदानाच्या अर्जाचा खर्च तेवीस रुपये साठ पैसे. या सगळ्या प्रकरणात पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत न बदललेली रक्कम तेवढीच.

गोष्ट जून २०२३ची. आमच्या जालना जिल्ह्यात त्या वर्षी मिरग कोरडा गेला, पाऊस महिन्याच्या शेवटी शेवटी आला आणि आला तोही हात आखडून. आईच्या नावावर विहिरीलगतचं अडीच एकराला थोडं कमी असं रान आहे, त्यात मोसंबी. आधीची बाग २०१२-१३च्या दुष्काळात गेली होती. टँकर विकत घेऊन पाणी घातलं, मग दोन टँकरमधलं अंतर वाढत गेलं, शेवटी कुऱ्हाड लावावी लागली. पुढची दोन वर्षं चूल त्याच सरपणावर पेटली. आईनं ते सरपण जाळताना कधी 'लाकूड' म्हटलं नाही, 'झाडं' म्हणायची. २०१६ला पाऊस बरा झाला तेव्हा त्याच जागी वीस बाय वीस फुटांवर अडीचशे कलमं पुन्हा लावली. सात वर्षं दांडानं, आळ्यानं पाणी दिलं. त्या जूनमध्ये विहिरीनं तळ दाखवला आणि आई म्हणाली, "औंदा नळ्या घ्या. मला परत झाडं जाळायची नाहीत."

गावात सगळे एकच सांगत होते: ठिबकला ऐंशी टक्के अनुदान आहे, नुसतं वीस टक्के भरायचं. मलाही तेच वाटत होतं.

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारी योजनांचे अर्ज भरायच्या संकेतस्थळावर, नोंदणी करायला आईला घेऊन सेवा केंद्रात गेलो. तिच्या आधारला मोबाइल जोडलेला नव्हता, त्यामुळे ओटीपीचा रस्ता बंद, राहिला अंगठा. केंद्रातल्या पोरानं तिचा अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा. कपड्यानं पुसून ठेवला. लाल. दुसरा अंगठा. लाल. पन्नास वर्षं निंदून-खुरपून, कापूस वेचून आईच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसल्या आहेत. "मावशी, दाबू नका, नुसतं ठेवा." "ठेवलाच की रे. आता काय काढून देऊ?" असं करत करत नवव्या की दहाव्या वेळेला डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटानं हिरवा दिवा दिला. घरी येईपर्यंत आई ते बोट बाकीच्या बोटांपासून वेगळं धरून बसली होती, पुन्हा लागलं तर खराब नको म्हणून.

बाकीचा अर्ज तासाभरात झाला. आठ-अ वरचं क्षेत्र, गट नंबर, सिंचनाचं साधन, पीक. एवढंच की सातबाऱ्यावर बागेची नोंदच नव्हती, मागच्या हंगामात ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, करायची राहून गेली होती. ती नंतर बागेत उभं राहून, झाडाचा फोटो काढून केली. ज्यांना कुठल्याही योजनेत पडायचं आहे त्यांनी हे आधी करावं. रानात मोसंबी लदलेली असो, सातबाऱ्यावर 'पड' असेल तर सरकारच्या लेखी ते रान पडच.

तेव्हा सोडत असायची. ऑक्टोबरच्या शेवटी राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आमच्या जिल्ह्यातलेही तालुके होते, आणि नोव्हेंबरात आईच्या अर्जाची निवड झाल्याचा निरोप आला. घरात पेढे नाही, पण गूळ-शेंगदाणे वाटले. घाई झाली होती ती.

कागद जमवायला लागलो तेव्हा दोन अडचणी निघाल्या, दोन्ही घरच्याच. सातबाऱ्यावर आईच्या नावापुढे 'बाई' आहे, आधारवर नाही. कागदाच्या दृष्टीनं या दोन वेगळ्या बायका. शंभराच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र करून त्या दोघी एकच आहेत असं लिहून द्यावं लागलं. दुसरं वीजबिल. ठिबकला पंपाची कायमची वीजजोडणी लागते आणि बिलाची ताजी प्रत जोडावी लागते. विहिरीवरचं मीटर अजून आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन एकवीस वर्षं झाली, पण त्यांचं बिल दर तिमाहीला येतं. त्याचंही एक संमतीचं प्रकरण झालं, वडील आणि काकांच्या सह्या घेतल्या. यात महिना गेला आणि कोणाला दोष द्यावा असं काही नाही. एकवीस वर्षांत आम्हालाच वेळ मिळाला नव्हता.

मग विक्रेता. तालुक्याच्या गावात ठिबकची चार-पाच दुकानं आहेत. मी ज्या दुकानात गेलो तिथे खुर्चीवर बसायच्या आधी प्रश्न आला, "अनुदानात बसवायचं का बिगर अनुदान?"

मी म्हटलं, फरक काय?

फरक भावाचा होता. आमच्या बागेला लागणारा माल बिगर अनुदान ५९ हजारांत. अनुदानात ६८ हजार. बिगर अनुदानच्या मालाला पक्कं बिल नाही, नळीवर आयएसआयचा शिक्का असेलच असं नाही, आणि उद्या नळी फुटली तर तुम्ही आणि तुमचं नशीब. अनुदानातल्या मालाला सगळं आहे. दुकानदार हे लपवून सांगत नव्हता. ज्वारी आणि हायब्रीड यांचे भाव सांगावेत तसं सांगत होता.

त्यानंच आराखडा काढून दिला आणि तिथे मला ऐंशी टक्क्यांचा अर्थ कळला. सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही. केंद्राची 'प्रति थेंब अधिक पीक' योजना आहे, ती अल्प आणि अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के देते, बाकीच्यांना ४५. त्या रकमेत केंद्राचा वाटा ६० आणि राज्याचा ४०. त्यावर आपलं राज्य 'मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजने'तून लहान शेतकऱ्याला आणखी २५ टक्के आणि मोठ्याला ३० टक्के पूरक घालतं. झाले ऐंशी आणि पंचाहत्तर. कमाल पाच हेक्टरपर्यंत. इथपर्यंत जाहिरातीत असतं. पण हे टक्के तुमच्या बिलाचे नसतात. सरकारनं ठरवलेल्या मापदंडाच्या खर्चाचे असतात, आणि तो खर्च दोन ओळींतल्या अंतरावर ठरतो. ओळी जवळ असल्या की हेक्टरी नळी जास्त लागते, म्हणून मापदंड मोठा. फळबागेत ओळी लांब, म्हणून मापदंड छोटा.

आता सात वर्षांच्या मोसंबीला एका ओळीला एक नळी पुरत नाही. मुळ्या बुंध्यापाशी नसतात, फांद्यांच्या सावलीच्या कडेला असतात. म्हणून झाडाच्या दोन्ही अंगांनी दोन नळ्या टाकाव्या लागतात. आमच्या आराखड्यात एका ओळीला एकच नळी धरलेली. मी विचारलं तर दुकानदार म्हणाला, "दादा, सरकारच्या कागदावर कलम कायम लहानच असतं." दुसऱ्या नळीचं बिल वेगळं, ते अनुदानाच्या बाहेर. जानेवारी २०२४मध्ये पूर्वसंमती आली, त्यावर क्षेत्र ०.९२ हेक्टर आणि अनुदानाची रक्कम २९ हजारांच्या आसपास. ६८ हजारांवर २९. ऐंशी टक्के ते हेच.

पूर्वसंमतीनंतर तीस दिवसांत संच बसवून बिल चढवायचं असतं. म्हणजे तीस दिवसांत ६८ हजार उभे करायचे. कारण अनुदान हे आधी मिळत नाही, तुम्ही पूर्ण पैसे भरून दाखवल्यावर मिळतं. माझ्याकडे अठरा होते. दुकानदारानं रस्ता सुचवला: बाकीचं अनुदान येईपर्यंत तो थांबायला तयार, फक्त आईच्या सहीचा कोरा चेक द्यायचा. पुष्कळ जण देतात. संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "तुझ्या बापाला बी मी कोऱ्या कागदावर सही दिली नाही." वडील बाजूलाच बसले होते. त्यांनी मान डोलावली, खरं आहे म्हणून.

मग पाटल्या निघाल्या. पतसंस्थेत सोनं तारण, पन्नास हजार, वर्षाला बारा टक्के. महिन्याला पाचशे रुपये व्याज. तो आकडा मी तेव्हा मनावर घेतला नाही. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं दुकानदार म्हणाला, सेवा केंद्रातला पोरगा म्हणाला, मीही आईला म्हणालो.

फेब्रुवारीत चर खांदले, सबमेन गाडली, नळ्या अंथरल्या. पहिल्यांदा मोटार सुरू केली त्या दिवशी आई ओळीनं प्रत्येक झाडापाशी वाकून बघत गेली. थेंब पडतोय ना. अडीचशे झाडं. ज्या चार ठिकाणी पडत नव्हता तिथे तिनं खुणेला काटकी रोवली.

मोका तपासणी मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली. कृषी सहाय्यक दुपारी दोन वाजता मोटारसायकलवर आले, सकाळपासून तिसरं गाव होतं त्यांचं. टेपनं नळी मोजली, शिक्का बघितला, फिल्टर उघडून बघितला. मग शेतकऱ्यासकट फोटो, ज्यावर अक्षांश-रेखांश येतात. आईला फिल्टरपाशी उभं केलं. तिनं डोक्यावरून पदर घेतला, एका हातात नळीचं टोक असं वर धरलं की जणू सापच पकडलाय. फोटो निघाला पण चढेना, रानात रेंज नाही. मग साहेब, मी आणि मागून आई, अशी वरात विहिरीच्या मातीच्या ढिगावर चढली. तिथे एक कांडी रेंज आली. साहेब मोबाइल डोक्याच्या वर धरून उभे, आम्ही दोघं त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत. चढला एकदाचा. पाणी पिताना ते म्हणाले, "माझं काम झालं. आता पुढचं वर आहे." 'वर' म्हणताना त्यांनी खरंच बोट वर केलं.

मला सगळे विचारतात म्हणून सांगतो: त्यांनी काही मागितलं नाही, आम्ही काही दिलं नाही. चहाही नको म्हणाले, ऊन फार होतं.

१६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली.

पुढचं वर्षभर मी जे ऐकलं ते चार शब्दांत मावतं: आचारसंहिता, निधी, बजेट, पुढच्या आठवड्यात. जूनमध्ये निकाल लागले, मी तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो तर निधी आलेला नव्हता. ऑगस्टमध्ये गेलो तर यादी वर गेली होती. ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता. टेबलामागच्या माणसाची काही चूक नव्हती, त्याच्या हातात फक्त स्क्रीन होता आणि स्क्रीनवर जे असेल ते तो वाचून दाखवायचा. पण आठवडी बाजाराच्या दिवशी त्या वऱ्हांड्यात माझ्यासारखे पंधरा-वीस जण असायचे, आणि थोड्याच वेळात लक्षात यायचं की कोण कसला आहे. ज्यांनी घरच्या पैशानं बसवलं होतं ते गप्पा मारायचे. ज्यांनी कर्ज काढून बसवलं होतं ते तारखा मोजायचे. परभणीकडून इथे सासरी आलेल्या एका बाईंनी कांदाचाळीसाठी खाजगी सावकाराकडून घेतले होते, महिन्याला शेकडा तीननं. त्या कधी बसायच्या नाहीत, उभ्याच.

त्याच ऑगस्टमधली एक गोष्ट नंतर फार टोचली. 'लाडकी बहीण' तेव्हा सुरू झाली होती आणि खातं आधारशी जोडायला बँकांबाहेर बायकांच्या रांगा होत्या. आईचं वय सदुसष्ट, योजनेची मर्यादा पासष्ट. आम्ही हसलो, म्हटलं बरं झालं, रांगेत तरी उभं राहायला नको.

मार्च २०२५मध्ये पुन्हा गेलो. टेबलावर नवीन मुलगी होती. तिनं क्रमांक टाकला आणि म्हणाली, "तुमचं पडलंय की. डिसेंबरमध्येच."

मी म्हटलं शक्य नाही. आईचं पासबुक माझ्या खिशात होतं, कालच भरून आणलेलं. तिनं स्क्रीन वळवून दाखवला. बँकच वेगळी होती. नावावरून आठवलं: जनधनच्या वेळी गावात शिबिर झालं होतं, सगळ्यांची खाती उघडली होती, आईचंही. शाखा वीस किलोमीटरवर. त्या खात्यात तिनं कधी पाऊल टाकलं नाही. पण आधार जोडलेलं ते.

हा प्रकार नीट समजून घ्यायला मला बँकेत दोन फेऱ्या लागल्या. आपण बँकेत आधारची झेरॉक्स देतो आणि 'लिंक झालं' म्हणतो. ते झालं केवायसी. सरकारचे पैसे आधारवरून येतात तेव्हा ते एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार चालवणाऱ्या संस्थेच्या नोंदीत तुमच्या आधारसमोर ज्या एका बँकेचं नाव आहे तिथे जातात. एका वेळी एकच बँक. बदल करायचा तर वेगळा अर्ज, त्याला 'सीडिंग' म्हणतात. अर्जात दिलेलं पासबुक कुठलंही असो, पैसे त्या नोंदीप्रमाणेच. आमच्या घरात हे आधी उघडकीला यायला हवं होतं, पण पीएम-किसानचे हप्ते नवरा-बायकोत एकालाच, ते वडिलांच्या खात्यात येतात. आईच्या आधारवर सरकारनं याआधी कधी एक रुपयाही पाठवला नव्हता, मग कळणार कसं?

दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. पैसे आत येतात, बाहेर निघत नाहीत. आईला घेऊन त्या शाखेत गेलो. पुन्हा केवायसी, पुन्हा अंगठा. ती मशीनकडे गेली आणि काही न बोलता डाव्या हाताचं ते बोट पुढे केलं. पहिल्या फटक्यात हिरवा.

खात्यात वीस हजारांना थोडे कमी होते. हा ५५ टक्क्यांचा भाग. पूरक २५ टक्के वेगळ्या योजनेतून, वेगळ्या फाईलनं, त्याला अजून वेळ होता. तेवढ्यात मृगबहाराची फळं उतरली, भाव बरा मिळाला, हे वीस घातले आणि पाटल्या सोडवल्या. तेरा महिन्यांचं व्याज साडेसहा हजार. त्यातले दीड हजार आमच्या अडाणीपणाचे, जे तीन महिने पैसे वीस किलोमीटरवर पडून होते आणि मी इकडे तारखा मोजत होतो. पूरक रक्कम, नऊ हजारांच्या वर काहीतरी, ऑगस्टमध्ये आली, योग्य खात्यात.

एका रात्री वहीत मांडलं. मिळालं २९ हजार. व्याज साडेसहा गेलं, राहिले साडेबावीस. ६८ हजारांवर तेहतीस टक्के. बिगर अनुदान घेतलं असतं तर नऊ हजार आधीच वाचले असते, म्हणजे अनुदानानं खरा हात दिला तो साडेतेरा हजारांचा. शिवाय पक्कं बिल आणि शिक्क्याची नळी. प्रतिज्ञापत्र, झेरॉक्स, तालुक्याच्या फेऱ्या आणि बुडालेले दिवस मी धरले नाहीत. धरले की वही मिटावीशी वाटते.

ठिबक बसवल्याचा मात्र पश्चात्ताप नाही. २०२४च्या उन्हाळ्यात विहीर दिवसाला जेमतेम दोन तास चालत होती. दांडानं तेवढ्या पाण्यात चार ओळीही भिजल्या नसत्या. बाग राहिली. आमच्याकडे गहाण टाकायला पाटल्या होत्या म्हणून राहिली, हेही तितकंच खरं. वऱ्हांड्यात भेटलेल्या एकाचा अर्ज निवडला गेला होता, पूर्वसंमती आली होती, पण तीस दिवसांत पैसे उभे राहिले नाहीत आणि अर्ज रद्द झाला. त्याचं रान माझ्यापेक्षा कोरडं आहे. ऐंशी टक्के त्यालाही होते.

आता सोडत नाही, आधी येणाऱ्याला आधी असं झालंय. शेतकरी ओळख क्रमांक आल्यापासून कागदही कमी लागतात म्हणे. वडिलांच्या वाट्याच्या रानासाठी मी अजून अर्ज केलेला नाही. आई विचारते, मी म्हणतो बघू.

शेजारच्या काकांनी मात्र परवा अर्ज भरायला बोलावलं. फॉर्म उघडायच्या आधी मी त्यांचा आधार क्रमांक घेतला आणि कुठल्या बँकेला सीड आहे ते बघितलं. ज्या बँकेचं नाव आलं ती काकांना आठवेना. काकूंना आठवली: थोरल्याच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलं होतं, पोरगं आता तिशीला आलं. उद्या सकाळी साडेआठच्या एसटीनं आम्ही तिघं तिकडे जाणार आहोत.